गाडीनं पाहिलेला वारलू

१

मोहाची फुलं वेचायला गेलेला वारलू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घरी परतला नाही, तेव्हा येरमगुड्याच्या लोकांनी वाघाला सोडून एका गाडीला धरलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती गाडी शाळेसमोरच्या चिंचेखाली उभी होती. पुढच्या चाकात बैलाचा कासरा घालून तो चिंचेच्या बुंध्याला बांधलेला, पळून जाऊ नये म्हणून. एवढ्या बंदोबस्ताची खरं तर गरज नव्हती. प्रफुलची ती जुनी इलेक्ट्रिक गाडी, नागपुरात कुणीतरी पुरती वापरून विकलेली. चढ दिसला की तिची बॅटरी मान टाकते. हे मी खात्रीनं सांगतो, कारण तिचा विमा माझ्याकडे आहे.

मी हेमराज, आलापल्लीचा विमा एजंट. मला येताना पाहिलं की लोक मागच्या दारानं शेताकडे निघून जातात. त्या दिवशी मात्र कुणी हललं नाही, कारण माझ्या स्कूटरवर मागे जाहिदा मॅडम बसल्या होत्या. येरमगुड्याच्या शाळेच्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या गावाचे कान त्यांनी पिरगाळले आहेत आणि त्यात माझेही दोन आहेत.

वारलूची बायको कमळा त्यांच्या शाळेत खिचडी शिजवायची. पहाटे तिचाच फोन आला होता. "मॅडम, ह्यायले गाडीखाली घेतलं म्हून राह्यले सारे. मले पटत नाई. तुमी या."

आता ती मॅडमच्या समोर उभी होती. रडत नव्हती. "जित्ते असतील तं आजच सापडले पाहिजेत, मॅडम. ह्या उन्हात मानूस पान्याबिगर किती टिकंल?"

तिचं म्हणणं खरं होतं. एप्रिल होता आणि सकाळीच पत्रे तापायला लागले होते.

शाळेच्या ओट्यावर प्रफुल बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. आलापल्लीहून खारी-टोस्ट आणून गावोगाव विकणारा हा पोरगा, येरमगुड्याचा जावई. गाडी रात्रभर सासऱ्याकडे चार्जिंगला लावायची आणि उजाडताना निघायचं, हा त्याचा शिरस्ता. दुपारी ठाण्यातून माणसं येणार होती आणि प्रफुलला घेऊन जाणार होती.

"काय पुरावा आहे?" मॅडमनी विचारलं.

गर्दीतून वारलूचा चुलतभाऊ सुकलू पुढे आला. "पुरावा गाडीनंच देल्ला, मॅडम. तिच्या क्यामेऱ्यात वारलू दिसते, गावाकडं येताना. पन तो गावात आलाच नाई. त्या दगडापासून गावापर्यंत आमी एकेक झुडूप पाह्यलं. रक्ताचा थेंब नाई, चप्पल नाई. वाघानं नेलं असतं तं फरफटल्याच्या खुना दिसल्या असत्या. मंग गेला कुठी? ह्यानं ठोकलं आन गाडीत घालून नेलं."

"आणि ठोकल्याची खूण?"

सुकलूनं गाडीच्या पुढच्या बंपरकडे बोट केलं. तिथे एक खड्डा होता, आणि खड्ड्याजवळ वाळलेला लाल डाग.

२

मॅडम खाली वाकल्या, डागावर बोट घासलं आणि नाकाशी नेलं.

"प्रफुल, तुझी सासू कुठे आहे?"

सासू गर्दीतच होती. मॅडमनी नुसतं पाहिलं तशी ती बोलायला लागली. "नवीन वस्तू घेतली तं पूजा नाई करा का? गाडीले डोळे बसवले म्हने जावयानं. मी हळद-कुंकू वाह्यलं, नारळ फोडला."

हळद पोरांनी पुसली होती, कुंकू राहिलं होतं. लोक जरा चुळबुळले. खड्ड्याचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. तो नागपूरच्या म्हशीचा खड्डा, आधीच्या मालकाच्या वेळचा. विमा काढताना त्याचा फोटो मीच काढला होता, उद्या त्याचे पैसे मागायला कुणी येऊ नये म्हणून. मोबाईलमध्ये फोटो दाखवला. पहिल्यांदाच माझ्या धंद्याचा गावाला काही उपयोग झाला.

"आता क्लिप दाखव," मॅडम म्हणाल्या.

ह्या कॅमेऱ्यांचं थोडं सांगायला हवं. नव्या मोठ्या गाड्यांना असतात तसे डोळे आपल्या जुन्या गाडीलाही हवेत, असं प्रफुलनं मनावर घेतलं होतं. रस्त्यावर जनावरं फार, आणि एकदा रानडुक्कर थोडक्यात वाचलेलं. आलापल्लीच्या अकरमनं किट मागवून ते बसवून दिलं. काचेवर एक कॅमेरा, मागे एक, आणि समोर छोटी स्क्रीन. पुढे माणूस किंवा जनावर दिसलं की स्क्रीनवर त्याच्याभोवती हिरवी चौकट येते आणि टीं-टीं वाजतं. ब्रेक मात्र प्रफुललाच मारावा लागतो, कारण जुन्या गाडीला ती अक्कल जोडता येत नाही. ब्रेक जोरात बसला की तेवढा तुकडा आपोआप साठवला जातो.

तो तुकडा आम्ही पाहिला. अंधुक उजेड. मोहाखालचा पाला जाळायचे ते दिवस, त्यामुळे रस्त्यावर गुडघाभर धूर साचलेला. डाव्या कडेला किलोमीटरचा दगड, त्यावरचं 'आलापल्ली' दिव्यांच्या उजेडात लख्ख. रस्त्याच्या मधोमध एक माणूस. अंगात फिकट सदरा, दिव्यांच्या झोतात चेहरा पांढरा पडलेला, पण वारलूसारख्याच झुपकेदार मिशा स्पष्ट. चित्रात डाव्या बाजूला त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, तिचं पातं चमकत होतं. दुसऱ्या हातात टोपली, लोंबती आणि रिकामी. हिरवी चौकट आली, टीं-टीं झालं, गाडी जवळ जवळ गेली, चित्र हादरलं आणि संपलं.

"तो माह्याकडंच पाहून राह्यला होता, मॅडम," प्रफुल म्हणाला. "टकमक. पन बाजूले सरकंना. मी कचकन ब्रेक मारला. मागचे टोस्टचे डबे धाडधाड पुढं आले, म्हून वळून पाह्यलं. पुन्हा समोर पाहतो तं रस्त्यावर कोनीच नाई. वाटलं, गेला असंल आपल्या वाटेनं. संध्याकाळी आलो तं इथी हा गोंधळ. क्लिप मीच दाखवली ना साऱ्यायले! लपवायची असती तं दाखवली असती का?"

"तू काचेतून पाहत होतास की स्क्रीनवर?"

प्रफुल म्हणाला, "स्क्रीनवर. नवीन हाय ना."

मॅडम हसल्या नाहीत. "समोरून गाडी येते, दिवे डोळ्यांवर, आणि माणूस डोळ्यांवर हातही घेत नाही. बाजूलाही होत नाही. का?"

"वाघ पाह्यला असंल त्यानं," कुणीतरी म्हणालं. "म्हून तं टोपली रिकामी. वेचायले गेला, वाघ दिसला, भेदरून वापस आला."

सगळ्यांना ते पटलं. फक्त सुकलू स्क्रीनकडे डोळे बारीक करून पाहत राहिला. सकाळपासून सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता, पण क्लिप त्यानं इतक्या जवळून आताच पाहिली होती. त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "हा वारलू नाईच."

३

गलका झाला. मॅडमनी तळहात वर केला. शाळेतली ती खूण गाव अजून विसरलेलं नाही.

"कशावरून?"

"कुऱ्हाड पाहा ना. उजव्या खांद्यावर हाय. वारलूचा उजवा खांदा अस्वलानं फोडला होता. त्यावर तो उपरणंसुद्दा ठेवत नाई. कुऱ्हाड, मोळी, पोरगं, जे काय न्यायचं ते डाव्यावर."

हे सगळ्यांना माहीत होतं, पण आतापर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. समोर तोंड करून उभ्या माणसाचा चित्रात डावीकडे दिसणारा खांदा हा त्याचा उजवा. कुऱ्हाड बरोबर तिथेच होती.

"सुकलू, तुझं वारलूशी पटत नाही म्हणे."

सुकलूनं मान खाली घातली. आमच्याकडे मोहाची झाडं रानात असली तरी घराण्यांत वाटलेली असतात. कुणाच्या आज्यानं कुठलं झाड राखलं, ते सगळ्यांना ठाऊक. रस्त्यालगतच्या तीन झाडांवरून वारलू आणि सुकलूचं वाजलं होतं. निकाल लागेपर्यंत ह्या हंगामात त्या झाडांखाली दोघांनीही जायचं नाही, असं जाणत्यांनी ठरवलं होतं.

"भांडन हाय," सुकलू म्हणाला. "पन मी त्याच्या संग लहानाचा मोठा झालो, मॅडम. अस्वलाच्या तोंडातून मीच काढलं त्याले."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा त्याच्यावरचा संशय तिथेच संपला. खरं तर मी मनातल्या मनात त्यालाच गुन्हेगार ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात अकरम आला. कॅमेरे बसवणारा हा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, मॅडमचाच जुना विद्यार्थी. प्रफुलनं त्याला बोलावलं होतं. त्यानं क्लिप पाहिली, सुकलूचं म्हणणं ऐकलं, आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"मॅडम, एक गोष्ट सांगू का? ह्या किटचे कॅमेरे मागं लावायसाठी बनवलेले असतात. ते आरशासारखं उलटं दाखवतात. डावं ते उजवं, उजवं ते डावं."

गर्दी एकदम अकरमकडे वळली. "म्हंजे तुही मशीनच खोटी!" कुणीतरी ओरडलं, आणि एकानं त्याची गचांडी धरली.

४

"सोड त्याला," मॅडम म्हणाल्या. "अकरम, पुढे बोल."

"कसम से, मॅडम, मी सरळ केला होता. वायरीत एक बारीक हिरवा फास असतो. तो कापला की चित्र सीधं होते. मागच्याचा ठेवला, पुढच्याचा कापला. या, दाखवतो."

त्यानं काचेमागची पट्टी सोडवली. हिरव्या तारेची दोन कापलेली टोकं बाहेर आली, नीट टेप लावलेली.

"आता कापली असंल," गचांडी धरणारा म्हणाला.

"कासरा बांधून पहाऱ्यावर तुम्हीच होतात," मॅडम म्हणाल्या. "आणि दुसरं. चित्र उलटं असतं तर दगडावरचं 'आलापल्ली' उलटं दिसलं असतं. हेमराज, वाच."

मी वाचलं. सरळ दिसत होतं. पहिलीतल्या पोरालाही वाचता आलं असतं.

अकरमनं कॉलर नीट केली आणि ओट्यावर बसून घटाघटा पाणी प्यायला. त्याची सुटका झाली. पण कोडं आणखी अवघड झालं. चित्र खरं, कुऱ्हाड उजव्या खांद्यावर, आणि वारलू तर उजव्यावर काही ठेवत नाही. म्हणजे तो वारलू नव्हे?

कमळा पुढे झाली. "ते हेच हायेत. टोपलीचा काठ पाहा. उसवला होता, मी निळ्या प्लास्टिकच्या दोरीनं बांधला. सदऱ्याले ठिगळ बी माह्याच हातचं."

मॅडम तिला घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसल्या. मी मागे उभा राहिलो.

"कमळा, रस्त्याची झाडं बंद. मग वारलू मोह कुठून आणायचा?"

"सांगत नव्हते. इचारलं तं म्हनत, तुले कायले पायजे? पन फुलं बढिया असत, टप्पोरी. अंधारात निघत, मले उठवत बी नव्हते."

"भीती नाही वाटायची त्याला? वाघ फिरतोय म्हणतात."

कमळाला अशाही वेळी किंचित हसू आलं. "ते आन भेव? अस्वलाशी लढलेला मानूस! वाघाले भेतो म्हनलं तं अंगावर येत. पोट्ट्याईले सांगत, वाघ माह्यासमोर शेपूट घालते."

"होळीनंतर कुठे गेला होता?"

"बहिनीकडं, चंद्रपूरच्या अंगाले. जंगलाले लागूनच गाव हाय तिचं. तिथून काहीतरी आनलं. पिशवीत गुंडाळून आढ्याले खोचलं. मी म्हनलं, दाखवा ना, तं माह्यावरच खेकसले. काल पाह्यलं, पिशवी रिकामी होती."

पटांगणात सकाळच्या शाळेची पोरं कवायत करत होती. समोर नवे तरुण गुरुजी उभे. "उजवा हात वर!" ते ओरडले आणि स्वतः डावा हात वर केला. पोरांनी गुरुजींकडे बघून बरोबर उजवा वर केला.

मॅडम ताडकन उठल्या. आयुष्यभर त्यांनीही अशीच कवायत घेतली होती. समोर तोंड असलेल्याचं डावं ते आपलं उजवं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

"हेमराज, तुझं हेल्मेट आण. आणि खडू."

"कशाला?"

"वारलू कुठे आहे ते मला कळलंय. पण मी नुसतं सांगितलं तर ह्या लोकांना पटणार नाही."

५

पुढचा प्रकार मला फारसा भूषणावह नाही, पण सांगतो. मॅडमनी माझ्या काळ्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला खडूनं दोन मोठे डोळे काढले, नाक काढलं आणि झुपकेदार मिशा काढल्या. मला पटांगणाच्या मध्यावर नेऊन उभं केलं. डाव्या खांद्यावर कुऱ्हाडीऐवजी फळा पुसायच्या काठीला बांधलेला पोचारा दिला. मग त्यांनी गाव कुंपणाशी गोळा केलं, आणि मला गावाकडे पाठ करायला लावलं. गुरुजींनी पायांशी पाला पेटवून धूर केला.

"हेमराज तुमच्याकडे पाहतोय का?" मागून मॅडमचा आवाज आला.

"पाहून तं राह्यला," पोरं ओरडली.

"काठी कुठल्या खांद्यावर?"

"उजव्या!"

"हेमराज, पुढे चाल."

मी चालू लागलो. मागे एक किंचाळी ऐकू आली, मग हशा, मग एकदम शांतता. माझं तोंड त्यांच्याकडे होतं आणि मी त्यांच्यापासून दूर चाललो होतो.

"कुऱ्हाड डाव्याच खांद्यावर होती," मॅडम म्हणाल्या. "चुकलं ते एकच. ज्याला आपण तोंड समजलो ती त्याची पाठ होती. कुऱ्हाड खांद्यावर टाकली की पातं कुठे राहतं, सुकलू?"

"पाठीमांगं," सुकलू म्हणाला. "समोरून दांडा दिसते. क्लिपीत तं पातं चमकते!"

"चंद्रपूरकडच्या जंगलालगतच्या गावांत लोक रानात जाताना डोक्यामागे मुखवटा बांधतात. वाघ मागून येतो. समोर चेहरा दिसला की तो सहसा अंगावर येत नाही, असं म्हणतात. वारलूनं बहिणीच्या गावाहून आणला तो मुखवटाच. पण वाघाला न भिणारा माणूस तो चारचौघांत कसा घालेल? गाव संपल्यावर, अंधारात, गुपचूप. म्हणून त्यानं डोळ्यांवर हात घेतला नाही. म्हणून तो बाजूला झाला नाही. प्रफुलची गाडी बैलगाडीइतकाही आवाज करत नाही. पाठमोऱ्या माणसाला ती यायची कळली कशी असती? टोस्टचे डबे पडले तेव्हा तो दचकला आणि रानात उडी मारून गेला."

"म्हंजे तो गावाकडं येत नव्हता," प्रफुल उभा राहिला.

"जात होता. वेचायला जाणाऱ्याची टोपली रिकामीच असते. तुम्ही दगडापासून गावापर्यंत शोधलंत. त्याला दगडाच्या पलीकडे शोधायला हवं होतं. रस्त्याची झाडं बंद. टप्पोरी फुलं. आणि मुखवटा बांधल्याशिवाय जायची हिंमत होणार नाही, अशी जागा. पलीकडे अशी जागा कुठली आहे?"

ते नाव सकाळी सकाळी घ्यायलाही लोक तयार नव्हते. शेवटी कमळानंच घेतलं.

"वाघझरी."

६

वाघझरीकडे, म्हणजे वाघ पाण्याला येतो त्या नाल्याकडे जाणारी वाट दगडाच्या पुढे डावीकडे फुटते. गाव काठ्या, डबे, कुऱ्हाडी घेऊन निघालं. प्रफुलची गाडी कासऱ्यातून सुटली. शाळेच्या प्लगवर लावून तिला तासभर पाजलं आणि तो वाटेच्या तोंडाशी येऊन थांबला. कमळाला आणि मॅडमना गाडीत बसवून आम्ही आत शिरलो. पुढे सुकलू, त्याच्यामागे मी. मी मागेच राहणार होतो, पण मागे राहिलेल्याला वाघ उचलतो हे नुकतंच ऐकलं होतं.

वाटेत पाल्यावर मोहाची ताजी फुलं पडली होती. वेचलेली नव्हती. सुकलू मोठ्यानं हाका मारत होता. "वारलू! ए वारलू भाऊ!" उत्तर नाही. ऊन डोक्यावर आलं. नाल्याचं कोरडं पात्र लागलं, मोठमोठे दगड, आणि एका वळणावर सुकलू जागच्या जागी थांबला.

समोर एका खडकाला एका अंगानं टेकून वारलू बसला होता. आमच्याकडेच पाहत होता. डोळे सताड उघडे. पापणी लवत नव्हती.

"गेला," सुकलू म्हणाला आणि मटकन खाली बसला.

एवढं सगळं करून, हेल्मेटवर मिशा काढून घेऊन, आम्ही उशिरा पोहोचलो होतो. आता गाडीत बसलेल्या कमळाला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

तेवढ्यात त्या चेहऱ्याच्या पलीकडून खरखरीत आवाज आला. "कोन हाय बे तिकडं? झोपलो होतो ना मी."

आणि डोकं वळलं. पांढरा चेहरा पलीकडे गेला आणि त्याच्या जागी काळासावळा, दाढीचे खुंट वाढलेला, खरा वारलू आला. सगळं ठाऊक असूनही आम्ही पुन्हा फसलो होतो. सुकलू रडत रडत हसला आणि दगडांवरून धडपडत त्याच्यापर्यंत गेला. मीही रडलो. विमा एजंटांनाही मन असतं, हे इथे नमूद करतो.

वारलूचा पाय दोन दगडांत अडकून मोडला होता. घोटा सुजून भोपळा झालेला. खरडत खरडत तो वाळूतल्या झऱ्यापर्यंत आला होता. हातानं खड्डा उकरून पाणी प्याला आणि टोपलीतला मोह खाल्ला. वाघ आला होता का, असं मी विचारलं.

"काल संध्याकाळी पलीकडच्या कड्यावर उभा होता," तो म्हणाला. "लई वेळ पाहून राह्यला. मी त्याच्याकडं पाठ करून बसलो. छातीत धडधड होऊन राह्यली होती, पन पाठ हलवली नाई. गेला मंग."

त्यानं घाईघाईनं मुखवट्याची दोरी सोडली आणि तो सदऱ्याखाली लपवला. "हेमराजभाऊ, गावात सांगू नका बरं हे."

"गाव सगळं मागंच उभं हाय," सुकलू म्हणाला. "चढ पाठीवर."

वारलूला पाठुंगळी घेऊन तो निघाला. वारलूचे दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती होते, आणि दुखरा खांदा दाबला जाऊ नये म्हणून सुकलू एका बाजूला झुकून चालत होता. रस्त्यावरच्या तीन झाडांचा विषय वाटेत निघाला. "तू घे," एक म्हणे. "नाई, तू घे," दुसरा म्हणे. गाडीपर्यंत पोहोचेस्तोवर त्यावरूनही भांडण जुंपलं.

कमळानं नवऱ्याला पाहिलं आणि मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाण्यानं तोंड पुसलं. मॅडम पुढे बसल्या. मी डिकीत, टोस्टच्या डब्यांसोबत.

वाटेवर गुरं आडवी आली होती, म्हणून सुकलू गाडीपुढे चालत ती हाकत होता. निघण्याआधी त्यानं वारलूच्या सदऱ्याखाली हात घालून मुखवटा काढून घेतला होता. एवढं काय असतं ते बघू तरी, म्हणून त्यानं तो आपल्या डोक्यामागे बांधला. आता त्याच्या पाठीकडून तो पांढरा, मिशीवाला चेहरा आमच्याकडे टक लावून बघत होता.

टीं-टीं-टीं. स्क्रीनवर त्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आली. प्रफुलनं दचकून ब्रेक मारला आणि डबे माझ्या अंगावर आले.

"काचेतून पाहा," मॅडम म्हणाल्या.

मागच्या सीटवरून वारलूनं मान वर केली, स्क्रीन पाहिली, चौकट पाहिली आणि त्याला हसू फुटलं. "पाहा! एवढ्या पैशाच्या मशिनीले बी फसवते. मंग वाघ काय चीज हाय?"

दोन दिवस न रडलेली कमळा तेव्हा रडली. रडता रडता तिनं त्याच्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारली. डाव्या खांद्यावर.